कुंदाबाईंची नऊ पानं

ज्या सकाळी कुंदाबाईंनी त्रेसष्ट शेतकऱ्यांचे केळी कापणीचे नंबर एका दमात रद्द केले, त्या सकाळी मी मामाच्या ऑफिसात मांडी घालून कागदाच्या कडा फाडत बसले होते. प्रिंटरच्या कागदाला दोन्ही बाजूंनी भोकांची पट्टी असते ना, ती. दोनशे बारा पानं, म्हणजे चारशे चोवीस पट्ट्या. मला वाटलं होतं कॉम्प्युटरच्या ऑफिसात गेल्यावर कॉम्प्युटर शिकायला मिळेल.

१९९३चा मे महिना होता. नववीची परीक्षा संपलेली. दीपनगरच्या कॉलनीत सुट्टीत करण्यासारखं एकच काम असतं, कूलरसमोर कोण बसणार यावरून भावाशी भांडायचं. शिवाय चौदा एप्रिलला मी कॉलनीतल्या कार्यक्रमात पहिल्यांदा भाषण केलं होतं. दुसऱ्याच मिनिटाला पंख्याच्या वाऱ्यानं माझा कागद उडून पहिल्या रांगेतल्या काकूंच्या मांडीवर गेला आणि मी उरलेलं भाषण मनानंच ठोकून दिलं. टाळ्या पडल्या. तेव्हापासून मला कोणालाही काहीही समजावून सांगता येईल असं वाटायला लागलं होतं, आणि घरच्यांना मी कुठेतरी जावं असं वाटायला लागलं होतं. म्हणून आईनं मला जळगावला तिच्या धाकट्या भावाकडे, कौतिक मामाकडे पाठवलं.

मामाचं ऑफिस एका डाळीच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर, आणि घर त्याच मजल्यावर मागे. दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर, दाराबाहेर चपलांची रांग. कॉम्प्युटरच्या खोलीत चप्पल घालून जायचं नाही हा मामाचा नियम. खालून तूरडाळीची भुकटी उडत वर यायची तिला मात्र कुठला नियम नव्हता.

मामानं फैजपूरच्या एका केळी सोसायटीसाठी प्रोग्राम लिहिला होता. शेतकरी सोसायटीत येऊन सांगतो, माझी बाग कापणीला आली. मग त्याला नंबर मिळतो. ज्या दिवशी नंबर, त्या दिवशी कापणीची टोळी आणि ट्रक त्याच्या बागेत. चौदा वर्षं हे नंबर कुंदाबाई रजिस्टरात लिहीत आल्या होत्या. आता तेच काम कॉम्प्युटरवर करायचं होतं, आणि तेही कुंदाबाईंनीच.

पण मामाचा खरा जीव त्या प्रोग्राममध्ये नव्हता. त्याचा जीव होता ‘लेखनिक’मध्ये. लेखनिक म्हणजे पुस्तक तयार करणारा आणखी एक प्रोग्राम. मामा केळीच्या प्रोग्राममध्ये जागोजागी खुणा करून शेरे लिहायचा, लेखनिक ते शेरे वेचायचा आणि त्यांचं आपोआप माहितीपुस्तक बनवायचा. चौकटी, सूची, कशाचा कशाशी संबंध आहे त्याचे तक्ते, सगळं. मामानं त्यावर आठ महिने घालवले होते. केळीचा प्रोग्राम तीन महिन्यांत झाला होता.

तर त्या सकाळी फोन वाजला. मामा आंघोळीला गेलेला, म्हणून मी उचलला.

“कौतिकभाऊ शेत का?” बाईंचा आवाज होता.

“मी त्यांची भाची, उत्पला. मामा येतीलच. काय काम होतं?”

“मी कुंदाबाई, फैजपूरहून. बेटा, तुमना पुस्तकना परमाने मी तीन पानं करात. चौथावर लिखेल शे, आजनी यादी छापा. पण छापाले नंबरच नही शेत.”

कुंदाबाईंचं माहेर धुळ्याकडचं. इतकी वर्षं फैजपूरला राहूनही त्यांची अहिराणी तसूभर हलली नव्हती, ‘आहे’ला ‘शे’ आणि ‘आहेत’ला ‘शेत’.

मी समोरच्या ढिगातून पुस्तकाची पहिली पानं काढली. पान एक, BACKUP. पान दोन, CANCEL. पान तीन, COLOUR. पान चार, DAYLIST. लेखनिक पानं लावायचा ती इंग्रजी नावांच्या ABCD प्रमाणे. मजकूर मराठीत, पण क्रम ABCDचा.

“मावशी, पहिल्या पानावर तुम्ही काय केलं?”

“फ्लॉपी टाकी, सांगेल ते बटन दाबं.”

“आणि दुसऱ्या?”

“नंबर रद्द करा, असं लिखेल व्हतं. सर्व का एक, असं इचारं. आते एकच करानं का बठ्ठं करानं ते पुस्तकमा नही. मी बठ्ठं करं. काम अर्धं ठेवानी माले सवय नही.”

“आणि तिसऱ्या पानावर?”

“पडदा गुलाबी व्हयना,” कुंदाबाई म्हणाल्या. “तो मात्र चांगला दिखस.”

मला हसू आवरेना. मग कुंदाबाई हळू आवाजात म्हणाल्या, “हसू नको बेटा. आधारआबा दारमा उभा शेत.”

आधारआबा म्हणजे सोसायटीचे चेअरमन. लोकांनी नवं शिकावं म्हणून त्यांनी त्याच सकाळी रजिस्टर कपाटात कुलूप लावून ठेवलं होतं आणि किल्ली घरी विसरून आले होते. बाहेर तीन टोळ्या आणि तीन ट्रक उभे, आणि आज कोणाची बाग कापायची ते कोणालाच माहीत नाही. किल्ली आणून रजिस्टर निघेपर्यंत दीड तास जाणार होता.

तेवढ्यात मामा डोकं पुसत आला आणि मी फोन त्याच्या हातात दिला. आता पलीकडे आबा होते. त्यांच्या तोंडी ‘ळ’चा ‘य’ व्हायचा, आणि आवाज मामाच्या डोक्यावरच्या टॉवेलबाहेरही ऐकू येत होता.

“कौतिकराव, केयीचा घड कोनासाठी थांबत नही. येत्या मंगयवारी संचालकांची बैठक आहे. त्या दिवशी बाईनं सकायपासून दुपारपर्यंत एकटीनं काम करून दाखवायचं. तुम्हाले फोन न करता. जमलं तर ठीक. नही जमलं तर तिच्या खुर्चीवर जयगावचा शिकेल पोऱ्या बसवतो, अन् बाई जाईन गेटावर, ट्रकांच्या पावत्या फाडाले.”

फोन ठेवल्यावर मामानं टॉवेल खांद्यावर टाकला. मग म्हणाला, “एक बरं, तिनं पहिल्या पानावर फ्लॉपीत सगळं उतरवून ठेवलंय. त्रेसष्टच्या त्रेसष्ट नंबर परत येतील.”

“म्हणजे चूक तिची नाहीच,” मी म्हणाले. “तिनं पुस्तकात सांगितलं तसंच केलं. चौदा वर्षं रजिस्टर पहिल्या पानापासून लिहिणारी बाई पुस्तकही पहिल्या पानापासूनच करणार.”

“पुस्तक तसं वाचायचं नसतं. सूचीत बघायचं, हवं ते पान उघडायचं.”

“हे तिला कोणी सांगितलं?”

“प्रस्तावनेत आहे.”

“प्रस्तावना कुठे आहे?”

मामानं पानं चाळली. प्रस्तावनेचं नाव INTRO होतं. ती सत्तेचाळिसाव्या पानावर होती.

मामानं ठरवलं, लेखनिक सुधारायचा. त्याला क्रम शिकवायचा. शुक्रवार आणि शनिवार त्यानं त्यातच घालवले. शनिवारी संध्याकाळी प्रिंटर सुरू झाला. मी पट्ट्या फाडायला बसले आणि पहिलंच पान वाचलं. ‘CANCELसाठी पाहा: रद्द करणे.’ दुसरं पान. ‘रद्द करणेसाठी पाहा: CANCEL.’ तिसरं पान. ‘CANCELसाठी पाहा: रद्द करणे.’ साठ पानं झाल्यावर मी प्रिंटरचं बटण बंद केलं.

“एका शेऱ्यात स्वल्पविराम राहिला असेल,” मामा म्हणाला. त्याचे डोळे लाल झाले होते.

“मामा, मी उद्या फैजपूरला जाऊ का?”

“कशाला?”

“कुंदाबाई दिवसभरात काय करतात ते बघायला.”

“मला माहितीये काय करतात. मी प्रोग्राम लिहिलाय.”

“तू त्यांच्याशेजारी कधी बसलास?”

मामानं खणातून पत्त्यांची वही काढली. मग म्हणाला, “रविवारी त्यांचं ऑफिस बंद असतं. घरी जा. पत्ता देतो.”

भुसावळ, सावदा करत एस.टी.नं फैजपूरला पोहोचेस्तो माझा फ्रॉक पाठीला चिकटला होता. कुंदाबाईंनी दार उघडलं, मला वरून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, “कॉम्प्युटरवाला येस म्हने. हाई ते पोरगी शे.” मग पाणी दिलं, मग गूळ-शेंगदाणे दिले, मग परत पाणी दिलं, आणि मग भिंतीला टेकून बसल्या.

“बेटा, मी मंगळवारे गेटवरच चालनी जासू. आबाले तरास नको.”

“मावशी, तुम्ही मला फक्त एवढं सांगा. सकाळी ऑफिसात गेल्यावर पहिल्यांदा काय करता?”

“पहिल्यांदा? झाडू मारस.”

“बरं. मग?”

“मग खिडकी उघडस. बाहेर कितला शेतकरी उभा शेत ते पाहस. मग नवा माणूसनं नाव लिखस, गाव, कितला खोडं, घड कवय भरतीन.”

मी वहीत लिहीत गेले. त्यांच्याच शब्दांत. कॉम्प्युटर, पडदा, मेनू असला एक शब्द मी काढला नाही. दुपारी चार वाजेपर्यंत त्यांचा अख्खा दिवस माझ्या वहीत आला आणि मोजला तर नऊ कामं भरली. नऊच. त्यांतलं आठवं होतं ‘एकाचा नंबर रद्द’, आणि शेवटचं होतं ‘जाण्याआधी फ्लॉपीत उतरवा’. सगळ्यांचे नंबर रद्द करणं आणि पडद्याचा रंग बदलणं त्यांच्या दिवसात कुठेच नव्हतं.

निघताना कुंदाबाईंनी माझ्या पिशवीत केळीची फणी टाकली. “गुलाबी रंग राहू दे पण,” त्या म्हणाल्या. “आबाले सांगू नको.”

सोमवारी सकाळी मामा यायच्या आत मी ऑफिसात होते. मराठी अक्षरांचं कार्ड बसवलेलं मशीन चालू केलं आणि एकेका कामाची एकेक साधी फाइल टाइप केली. वर कामाचं नाव, खाली कोणतं बटण, त्याखाली पडद्यावर काय दिसेल. दिसलं नाही तर काय करायचं. बस. खुणा नाहीत, चौकटी नाहीत. 01.TXT पासून 09.TXT पर्यंत. मग सगळ्या एकत्र जोडायला मामाच्याच पुस्तकातून शोधून एक हुकूम दिला, की शेवट TXT असलेल्या सगळ्या फाइली एका फाइलीत ओत.

प्रिंटर वाजायला लागला. पहिलं पान निघालं, ‘एकाचा नंबर रद्द’.

मी पान उचलून पाहिलं. हे तर लेखनिकचंच भाऊबंद. मग लक्षात आलं, ती फाइल मी सगळ्यात आधी टाइप केली होती, कारण तीच महत्त्वाची वाटत होती. मशीन नावाप्रमाणे नाही, ज्या क्रमानं फाइली डिस्कवर ठेवल्या त्या क्रमानं जोडत होतं. त्याला एक ते नऊ मोजता येतात असं मी आपलं गृहीत धरलं होतं.

म्हणून मग मी स्वतःच मोजले. 01, अधिक, 02, अधिक, 03, असं नऊपर्यंत ओळीत लिहिलं. पुढच्या ओळीत, प्रिंटरकडे पाठव. त्याच्या पुढच्या ओळीत, झालं असं सांग. तीन ओळींची एक छोटी फाइल. ती चालवली की पुस्तक बाहेर. सहा मिनिटं.

मामा आला तेव्हा नऊ पानं टेबलावर होती आणि अठरा पट्ट्या केराच्या टोपलीत.

त्यानं उभ्यानंच वाचली. मग बसून वाचली. “ ‘झाडू मारून झाल्यावर बटण चालू करा’, हे काय आहे?”

“पहिलं काम तेच आहे त्यांचं. त्यामुळे पुढचं आठवतं.”

“आणि उद्या मी प्रोग्राम बदलला तर? लेखनिक आपोआप पान बदलतो. तुझं पान कोण बदलणार?”

भाषणाचा कागद उडाला तेव्हा वाटलं होतं तसंच वाटलं. मग मी म्हणाले, “ज्यानं बदललं त्यानं. नऊ पानं आहेत मामा. कोणतं बदलायचं ते शोधायला सूचीसुद्धा लागत नाही. आणि लेखनिकनं आपोआप बदललेलं पान बरोबर आहे की नाही ते तू कधी वाचायचास?”

मामानं चष्मा काढून पुसला. “दोनशे बारा पानं कोण वाचतं,” तो म्हणाला, आणि स्वतःच हसायला लागला. “ताई म्हणाली होती, पोरगी बोलायला लागली की थांबत नाही. मला वाटलं, कौतुकानं म्हणत असेल.”

पण लगेच गंभीर झाला. “उद्या जर बाई अडली, तर तिची खुर्ची जाणार. माझी नाही, तुझी नाही. पुन्हा एकदा मशीनसमोर बसून नऊच्या नऊ पानं करून बघ. बोट कुठे अडतं ते सांग.”

मी तीनदा केली. चौथ्या पानावर बोट अडलं, एक ओळ वाढवली आणि पुस्तक पुन्हा छापलं. सहा मिनिटं.

पानं संध्याकाळच्याच एस.टी.नं कुंदाबाईंकडे पाठवली आणि मंगळवारी आम्ही दोघं गेलो. आबांनी आम्हाला खोलीच्या दुसऱ्या टोकाला बाकावर बसवलं आणि बजावलं, “तोंडातून शब्द नही पाहिजे.” कुंदाबाई ठेवणीतलं लुगडं नेसून आल्या होत्या. डाव्या हाताला नऊ पानं, शिवणकामाच्या दोऱ्यानं बांधून आणलेली आणि आता सोडून ठेवलेली. त्यांनी झाडू मारला. मग पहिलं पान उलटं करून ठेवलं आणि बटण चालू केलं.

पडदा गुलाबी उजळला. आबांनी मामाकडे पाहिलं. मामानं छताकडे पाहिलं.

नवे शेतकरी आले, नावं गेली. दिवसाची यादी छापली. टोळ्या वेळेवर निघाल्या. संचालक येऊन चहा पिऊन बैठकीच्या खोलीत जाऊन बसले. एक एक पान उलटं होत होतं. साडेअकरा वाजता, सगळं सुरळीत चाललेलं असताना, खिडकीत भिका नाना आले.

भिका नाना म्हणजे सत्तरीचे शेतकरी, कानाला कमी ऐकू येणारे आणि म्हणून मोठ्यानं बोलणारे. “कुंदाबाई, माह्या उद्याचा नंबर आहे. घड अजून भरले नहीत. चार दिवस पुढं ढकल.”

मी मामाकडे पाहिलं. मामानं डोळे मिटले. नंबर पुढे ढकलण्याचं पान नव्हतं. प्रोग्राममध्येच तसं बटण नव्हतं. रविवारी चार तास बसून मी सगळं विचारलं, आणि हे ना मी विचारलं ना त्यांनी सांगितलं. रजिस्टरात ढकलायला काय लागतं, एक रेघ मारायची आणि खाली लिहायचं. ते काम आहे हेच त्यांना वाटत नसणार.

आबा टेबलापाशी आले. फोन कुंदाबाईंच्या कोपराजवळच होता. “करायचा असेल तर कर जयगावले फोन,” ते म्हणाले. “पन मंग आपलं ठरेल आहे.”

“जळगाव ते तठे बाकवर बसेल शे,” कुंदाबाई पान उलटत म्हणाल्या. “फोन कोनले करू?”

बैठकीच्या खोलीतून कोणीतरी हसलं. कुंदाबाई हसल्या नाहीत. त्यांनी सगळी पानं सुलटी केली आणि पुन्हा पहिल्यापासून बोट फिरवलं. झाडू. नाव. गाव. यादी. आठव्या पानावर बोट थांबलं, ‘एकाचा नंबर रद्द’. तिथे त्यांनी डाव्या हाताची करंगळी ठेवली. उजव्या हातानं परत दुसरं पान काढलं, ‘नवा माणूस’. दोन्ही पानं शेजारी शेजारी ठेवून त्या बघत राहिल्या.

मला ओरडून सांगावंसं वाटत होतं. ओढणी असती तर मी ती चावली असती. फ्रॉकला ओढणी नसते म्हणून मामाचा रुमाल चावला.

“नाना,” कुंदाबाई मोठ्यानं म्हणाल्या, “मी तुम्हाले आते काढी टाकस.”

“कुठून काढतीस?” भिका नाना घाबरले.

“सोसायटीतून नही. उद्याना यादीमधून. मग नवा माणूस म्हनीसन परत लिखस, चार दिवस पुढनी तारीख. बसा तठे.”

त्यांनी आठवं पान केलं. मशीननं विचारलं, सर्व की एक. कुंदाबाईंचं बोट हवेत थांबलं आणि त्यांनी अगदी सावकाश ‘एक’ दाबलं. मग दुसरं पान. नाव, भिका. गाव. खोडं. तारीख. छापलेला कागद खिडकीतून बाहेर गेला. भिका नानांनी तो दूर धरून वाचला आणि म्हणाले, “या वयात मी नवा मानूस झालो.”

आबांनी वाकून पडद्यावरची यादी पाहिली. मग त्यांनी बैठकीच्या खोलीचं दार ढकललं आणि आतल्यांना म्हणाले, “बाईचं काय विचारायचं राहिलं नही. पुढचा विषय घ्या.”

त्या दुपारी मला वाटलं होतं की कुंदाबाई जागेवरून उठतील, निदान कोणाला तरी पेढे आणायला पाठवतील. त्या उठल्याच नाहीत. मला हाक मारली. “उत्पला, आठे ये. हाई पान लिखाले कसं करतस ते माले दखाड. भिका नाना परत येई, त्याले चांगलंच ओळखस मी.”

मामानं फ्लॉपीवर आणलेल्या आमच्या फाइली त्यांच्या मशीनमध्ये उतरवल्या आणि मी त्यांना एक नवी फाइल उघडून दिली. मराठी कळफलकावर एकेक अक्षर शोधत, जिभेचं टोक बाहेर काढून, त्यांनी पाऊण तासात पाच ओळी लिहिल्या. वर नाव दिलं, ‘थांबा म्हने तर’. मी त्या तीन ओळींच्या फाइलीत नऊच्या पुढे एक अधिक आणि 10 लिहिलं आणि पुस्तक नव्यानं छापलं. मामा शेजारी उभा राहून सगळं बघत होता. “लेखनिकला हे पान जमलं नसतं,” तो शेवटी म्हणाला. “प्रोग्राममध्ये हे कुठे लिहिलेलंच नाही ना.”

जळगावला परत आल्यावर मामानं लेखनिकच्या डिरेक्टरीतलं सगळं पुसायचा हुकूम टाइप केला. मशीननं विचारलं, नक्की का. मामा खुर्ची मागे सरकवून म्हणाला, “तू दाब.” मी बोट ठेवलं तसा म्हणाला, “थांब.” मग दोन फ्लॉप्यांवर लेखनिक उतरवला, त्यांना रबरबँड लावला, त्यावर ‘आठ महिने’ असं लिहिलं आणि खणात टाकलं. “आता दाब.”

जूनमध्ये माझी दहावी सुरू झाली. पंधरा दिवसांनी मामा दीपनगरला आला तेव्हा त्यानं मला एक कागद आणून दिला. त्याच्या कडा कोणीतरी नीट फाडलेल्या होत्या. फैजपूरहून फ्लॉपीवर आलेलं अकरावं पान होतं, आणि मामाच्या मते त्यात एक अक्षरही बदलायची गरज नव्हती.

‘आधारआबा मागे उभा राहीसन घाई करतीन तर: चहा मांगाडा. आबा बसतीन. मग पान दोन.’